नव्या एसएसडीवर विंडोज टाकले, पण जुनी हार्ड डिस्क काढली की संगणक सुरूच होत नाही

प्रश्न: टायपिंगचे दुकान, घाटंजी तालुका

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातील एका गावात झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे छोटे दुकान चालवतो. दुकानात संगणक एकच आहे. त्यात चौथ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, ८ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे. २०१५ साली तो विंडोज ७ सह घेतला होता आणि जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ ची अद्यतने बंद झाली तेव्हा त्याच डिस्कवर, जुने काहीही न पुसता, विंडोज १० चढवून घेतले. विंडोज ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही हे मला ठाऊक आहे. परंतु नवा संगणक घेणे कापसाचा पैसा हातात आल्यावरच जमेल, म्हणून तोवर हाच चालवायचा आहे.

दोन महिन्यांपासून संगणक फारच मंदावला होता. समोर चारपाच माणसे उभी असताना एखादी वर्डची फाइल उघडायला तीन-तीन मिनिटे लागत, आणि त्या वेळी कॅबिनेटमधून बारीक टक्-टक् असा आवाज येई. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामने डिस्कच्या प्रकृतीपुढे पिवळ्या रंगात 'कॉशन' दाखवले. म्हणून नागपूरला गेलो असताना सीताबर्डीवरून २४० जीबीची एसएसडी (आत फिरणारे काही नसलेली वेगवान डिस्क) आणि ती जोडायची एक साटा केबल घेऊन आलो, एसएसडी मदरबोर्डच्या मोकळ्या जागी जोडली आणि पेनड्राइव्हवरून तिच्यावर विंडोज १० नव्याने टाकले. ड्राइव्ह निवडण्याच्या पडद्यावर 'ड्राइव्ह १' समोर २२३.५ जीबी मोकळी जागा दिसत होती, तीच निवडली. कुठेही अडचण आली नाही.

आता संगणक सुरू केला की निळ्या पडद्यावर 'विंडोज १०' हे नाव दोनदा दिसते. वरचे निवडले की नवे विंडोज अर्ध्या मिनिटात उघडते आणि उत्तम चालते. मात्र जुनी डिस्क मरायला टेकली आहे म्हणून तिची केबल काढून पाहिली, तर काळ्या पडद्यावर 'रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' एवढाच मजकूर येतो. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्राममध्ये, जाऊन एसएसडीला पहिला क्रमांक दिला, तरी फरक पडला नाही. जुनी डिस्क परत जोडली की सगळे पूर्ववत सुरू होते. संगणकाची तारीखही अधूनमधून मागे जाते, पण तो वेगळा विषय आहे.

नवे विंडोज ज्या डिस्कवर आहे, ती एकटी का चालत नाही? मला सगळे पुन्हा टाकावे लागेल का? आमच्याकडे मोबाइलचा दिवसाला दीड जीबी डेटा एवढेच इंटरनेट आहे. पाच जीबींची विंडोजची फाइल मी चार दिवस थोडी-थोडी करून उतरवली होती. पेनड्राइव्ह अजून तसाच ठेवला आहे, परंतु त्यानंतरची अद्यतने, प्रिंटर, स्कॅनर आणि अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या यंत्राचे ड्रायव्हर हे सारे पुन्हा उतरवायचे म्हणजे आठवडा जाईल. शिवाय जुन्या डिस्कवर अकरा वर्षांची कामे आहेत: वारस नोंदीचे अर्ज, प्रतिज्ञापत्रे, ग्रामपंचायतीचे ठराव, गावातल्या कित्येक लग्नांच्या पत्रिका. लोक अजूनही येऊन विचारतात, "भाऊ, माह्या अर्जाची कापी हाये का तुमच्याकडं?" आणि मी आजवर कुणालाही नाही म्हटलेले नाही.

उत्तर १: संगणक दुरुस्ती, वर्धा

घाटंजीकर भाऊ, नमस्कार. तुमच्या एसएसडीत काहीही दोष नाही आणि तुम्ही ड्राइव्हही योग्यच निवडला होता. चूक एकच झाली, आणि ती इतक्या लोकांकडून होते की माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या दोन डिस्कच्या संगणकांत हीच तक्रार सर्वांत जास्त असते: विंडोज टाकताना जुनी डिस्क जोडलेली राहिली.

संगणक सुरू झाल्यावर बायोस थेट विंडोजला हाक मारत नाही. तो आधी एका लहानशा प्रोग्रामला शोधतो, त्याला बूट मॅनेजर म्हणतात, आणि विंडोज कोणत्या डिस्कच्या कोणत्या भागात आहे याची नोंद त्याच्यापाशी असते. विंडोज बसवणारा प्रोग्राम जेव्हा पाहतो की संगणकातल्या पहिल्या डिस्कवर असा बूट मॅनेजर आधीच आहे, तेव्हा तो नवा बसवत नाही. जुन्याच्याच नोंदवहीत आणखी एक ओळ लिहितो. तुम्हाला निळ्या पडद्यावर दिसणारी दोन नावे म्हणजे त्या नोंदवहीतल्या दोन ओळी होत. विंडोज एसएसडीवर गेले, पण त्याचा पत्ता सांगणारा जुन्या डिस्कवरच राहिला. जुनी डिस्क काढली की पत्ता सांगायला कुणीच उरत नाही, मग बायोसमध्ये क्रमांक कितीही बदलले तरी उपयोग होत नाही.

हे स्वतः पाहायचे असेल तर स्टार्टच्या बटणावर उजवी टिचकी देऊन 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. जुन्या डिस्कच्या सुरुवातीला 'सिस्टम रिझर्व्ह्ड' नावाचा अगदी छोटा भाग दिसेल. विंडोज ७ तो १०० एमबीचा करत असे, आणि तुमचे विंडोज १० त्यावरच चढवलेले असल्यामुळे तो तेवढाच असण्याची शक्यता आहे. त्या भागाखाली 'सिस्टम' आणि 'ॲक्टिव्ह' असे लिहिलेले असेल, तर एसएसडीवरील भागाखाली 'बूट' असे लिहिलेले असेल. येथे शब्दांमुळे मोठा घोटाळा होतो, कारण मायक्रोसॉफ्टच्या भाषेत ज्या भागात बूट मॅनेजर असतो त्याला 'सिस्टम' म्हणतात आणि ज्या भागात विंडोज असते त्याला 'बूट' म्हणतात. सामान्य माणूस बरोबर उलटे समजतो आणि एसएसडीखाली 'बूट' वाचून निश्चिंत होतो.

आता क्रम सांगतो. विंडोजचे काय करायचे हा प्रश्न दुसरा आहे, पहिला प्रश्न जुन्या डिस्कवरील कामांचा आहे. ती डिस्क पिवळी झाली आहे, टक्-टक् वाजते आहे, आणि तरीही तुमचा संगणक दररोज सुरू होण्यासाठी तिच्यावरच अवलंबून आहे. दररोज ती फिरते, तापते आणि झिजते. तिच्यावर 'चेक डिस्क' चालवू नका. खराब जागा दुरुस्त करण्याच्या नादात तो प्रोग्राम संपूर्ण डिस्क वाचत आणि तिच्यावर लिहीत बसतो, आणि मरणाऱ्या डिस्कला तेवढे श्रम अखेरचे ठरू शकतात.

कामे सुरक्षित झाल्यावर माझा सल्ला असा की जुनी डिस्क पूर्ण काढून, फक्त एसएसडी जोडून, विंडोज पुन्हा टाकावे आणि या वेळी ते यूईएफआय, म्हणजे जुन्या बायोसच्या जागी आलेल्या नव्या, पद्धतीने टाकावे. तुमचे सध्याचे विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने बसले आहे. 'सिस्टम इन्फर्मेशन' उघडल्यास 'बायोस मोड' समोर तसे लिहिलेले आढळेल. एच८१ मदरबोर्डला यूईएफआय चालते. बूट मेनूमध्ये पेनड्राइव्हचे नाव दोनदा दिसल्यास ज्याच्या आधी यूईएफआय लिहिले आहे ते निवडावे. त्यानंतर 'या डिस्कवर एमबीआर प्रकारची विभागणी आहे, यूईएफआय संगणकावर विंडोज केवळ जीपीटी डिस्कवर बसते' अशा अर्थाची सूचना येईल, कारण मागच्या वेळी तुमची एसएसडी एमबीआर झाली आहे. एमबीआर आणि जीपीटी हे डिस्कच्या भागांचा तक्ता ठेवण्याचे जुना आणि नवा असे दोन प्रकार आहेत. तेव्हा शिफ्ट आणि एफ१० एकदम दाबून काळी खिडकी उघडावी, त्यात डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क, मग सिलेक्ट डिस्क ०, मग क्लीन आणि शेवटी कन्व्हर्ट जीपीटी अशा आज्ञा एकेक करून द्याव्यात. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टंकताना त्या इंग्रजी अक्षरांत टंकायच्या. क्लीन ही आज्ञा 'खात्री आहे का' असे विचारत नाही. जुनी डिस्क जोडलेली असताना एक आकडा चुकला तर अकरा वर्षांचे काम एका क्षणात दिसेनासे होते, म्हणून त्या वेळी तिची केबल काढलेलीच असली पाहिजे.

परवान्याची काळजी करू नये. विंडोज १० चा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेला असतो, डिस्कशी नव्हे. किल्ली विचारली की 'माझ्याकडे किल्ली नाही' हा पर्याय घ्यावा, पूर्वीचीच आवृत्ती, म्हणजे होम असेल तर होम, निवडावी, आणि इंटरनेट मिळाल्यावर ते आपोआप सक्रिय होते.

एक लहान गोष्ट केबलीविषयी. एच८१ वर साटाच्या दोन जागा सेकंदाला ६ गिगाबिटच्या आणि दोन जागा ३ गिगाबिटच्या असतात. मदरबोर्डवर त्या जागांपाशी बारीक अक्षरांत क्रमांक छापलेले असतात, आणि बहुतेक ठिकाणी रंगही वेगळे असतात. एसएसडी ६ गिगाबिटच्या जागेत लावावी. तुमच्या संगणकात वेगवान जागेवर कदाचित जुनी डिस्कच बसलेली असेल.

उत्तर २: दर्यापूर

वर्ध्याच्या भाऊंनी कारण अचूक सांगितले आहे, आणि कामे आधी वाचवावीत याबद्दलही दुमत नाही. परंतु विंडोज पुन्हा टाकण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. प्रश्न विचारणाऱ्याकडे दिवसाला दीड जीबी इंटरनेट आहे, एसएसडीवरचे विंडोज नवेकोरे आणि निरोगी आहे, त्यात सर्व ड्रायव्हर बसले आहेत. कमतरता आहे ती केवळ बूट मॅनेजरची, आणि तो दहा मिनिटांत, इंटरनेटशिवाय बसवता येतो. दाराला कडी नाही म्हणून कुणी घर पाडत नाही.

नव्या विंडोजमध्ये असतानाच, दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवून, डिस्क मॅनेजमेंट उघडावे आणि एसएसडीवरील विंडोजच्या भागावर उजवी टिचकी देऊन 'मार्क पार्टिशन ॲज ॲक्टिव्ह' निवडावे. त्यानंतर कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' ने उघडून बीसीडीबूट ही आज्ञा द्यावी. तिच्यापुढे एक जागा सोडून विंडोजच्या फोल्डरचा पत्ता, म्हणजे सी ड्राइव्हमधील विंडोज, नंतर स्लॅश एस आणि सी कोलन, नंतर स्लॅश एफ आणि बायोस असे लिहावे. याचा अर्थ असा की सी मधल्या विंडोजसाठी लागणाऱ्या बूटच्या फाइली सी वरच तयार करा आणि त्या लेगसी बायोसला समजतील अशा करा. 'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड' असे उत्तर आले की संगणक बंद करावा, जुनी डिस्क काढावी आणि सुरू करून पाहावे. तरीही काळा पडदा आला तर डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमधील संकेत अपुरा आहे असे समजावे. त्यासाठी पेनड्राइव्हवरून सुरू करून, शिफ्ट आणि एफ१० दाबून बूटसेक्ट, स्लॅश एनटी६०, सी कोलन, स्लॅश एमबीआर ही आज्ञा द्यावी. त्या वेळी सी हे अक्षर एसएसडीलाच मिळाले आहे ना, हे आधी आतील फोल्डर पाहून ठरवावे, कारण पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर अक्षरे बदलू शकतात.

हे सारे करताना एवढेच पाहावे की ॲक्टिव्ह करण्याची क्रिया एसएसडीवरच होत आहे. चुकून जुन्या डिस्कच्या मोठ्या भागावर झाली तर जुनाही मार्ग बंद होईल.

एमबीआरची मर्यादा २ टीबीची आहे आणि येथे डिस्क २४० जीबीची आहे, त्यामुळे या संगणकाला जीपीटीमुळे असा कोणता लाभ होणार आहे, ते मला दिसत नाही. संगणक हंगामापर्यंतच चालवायचा आहे.

घाटंजी तालुका, टायपिंगचे दुकान

दोघांचेही आभार. 'सिस्टम' आणि 'बूट' अगदी तुम्ही सांगितले तसेच लिहिलेले आहे, आणि सिस्टम रिझर्व्ह्ड १०० एमबीचाच आहे. जुन्या डिस्कवरून फोल्डर ओढून एसएसडीवर टाकण्याचा प्रयत्न केला, परंतु एका फोटोवर येऊन सारे थांबले आणि अर्धा तास तसेच राहिले. शेवटी वीज गेली आणि सगळे पहिल्यापासून करावे लागले. दुकानाला वर टीन आहे. दुपारी डिस्कचे तापमान ५७ अंश दाखवत होते. कॅबिनेट उघडून समोर कूलर लावू का? आणि जुन्या विंडोजमधील माझ्या नावाचे फोल्डर उघडताना 'तुम्हाला परवानगी नाही' असे येते, तेथे 'कंटिन्यू' दाबावे का?

उत्तर ३: शिक्षिका, चंद्रपूर जिल्हा

कूलर मुळीच लावू नका, भाऊ. कूलरची हवा ओली असते, आणि तिच्यातील दमट वारा व धूळ मिळून उघड्या मदरबोर्डवर जे काही बसते ते नंतर निघत नाही. साधा टेबल फॅन लावा आणि काम पहाटे करा. आमच्याकडे मे महिन्यात पहाटे पाचला जेवढा गारवा असतो तेवढा नंतर दिवसभर मिळत नाही. शाळेच्या कार्यालयातील डिस्क मी अशाच तीन पहाटांत रिकामी केली होती. साध्या हार्ड डिस्कला कंपन्या साधारणतः ६० अंशांपर्यंतचीच मुभा देतात, म्हणजे तुमची डिस्क कडेलोटाच्या काठावर काम करते आहे. यूपीएस नसेल तर घरातल्या इन्व्हर्टरवरून संगणक चालवा, कारण नकल करताना मध्येच वीज जाणे हे उन्हापेक्षाही घातक आहे.

'कंटिन्यू' दाबू नका. ते दाबल्यावर विंडोज त्या फोल्डरमधील एकेका फाइलची परवानगी बदलून त्याच जुन्या डिस्कवर लिहीत सुटते. आपल्याला त्या डिस्कवर काही लिहायचेच नाही, फक्त वाचायचे आहे. यासाठी विंडोजमध्येच रोबोकॉपी नावाची आज्ञा आहे. तिला ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून स्लॅश बी जोडले की ती परवानगीच्या अडथळ्याला वळसा घालून वाचते. स्लॅश ई जोडले की आतील सर्व फोल्डर येतात, आणि स्लॅश एक्सजे जोडले की स्वतःकडेच परत नेणाऱ्या फोल्डरांच्या चक्रात ती अडकत नाही. परंतु सर्वांत महत्त्वाचे आहेत ते स्लॅश आर कोलन १ आणि स्लॅश डब्ल्यू कोलन १. हे दोन दिले नाहीत तर रोबोकॉपी न वाचता येणाऱ्या एका फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करते आणि दर दोन प्रयत्नांमध्ये ३० सेकंद थांबते, म्हणजे त्या एका फोटोपाशी तुमचा जन्म जाईल. एकेक दिल्यावर ती एकदाच पुन्हा पाहते, जमले नाही तर नाव नोंदवून पुढे जाते. नोंदीसाठी स्लॅश लॉग कोलन लिहून एका मजकूर फाइलचे नाव द्या, म्हणजे काय राहिले ते शेवटी वाचता येईल. मध्येच वीज गेली तर तीच आज्ञा पुन्हा द्या. जे आधीच आले आहे ते ती सोडून देते.

सगळे एकदम उचलू नका. ज्याची दुसरी प्रत जगात कुठेही नाही ते आधी, म्हणजे तुमचे अर्ज आणि ठराव. वर्डच्या फाइली आकाराने लहान असतात, काही मिनिटांत येतील. डेस्कटॉपवर ठेवलेल्या गोष्टी लोक हमखास विसरतात, कारण डेस्कटॉप हाही एक फोल्डरच आहे हे लक्षात राहत नाही. लग्नपत्रिका आणि फोटो शेवटी.

आणि एक गोष्ट जिच्यामुळे मी स्वतः रडकुंडीला आले होते: फाँट. तुमच्या २०१५ च्या आसपासच्या फाइली कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असतील, युनिकोडमध्ये नव्हे. त्या फाइलींत खरे तर इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात आणि फाँट त्यांना मराठी अक्षरांचे रूप देतो. फाइल सुखरूप आली, पण नव्या विंडोजमध्ये तो फाँट नसेल, तर ठरावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसते आणि माणसाला वाटते की फाइल बिघडली. फाइल ठीक असते. म्हणून जुन्या विंडोजच्या फोल्डरमधील फाँट्स हे फोल्डरही याच रोबोकॉपीने आणा आणि लागतील तेवढेच फाँट नव्या विंडोजमध्ये बसवा. फाँटचा संच परवान्यासह विकत घेतलेला असेल तर त्याची मूळ सीडी व त्यासोबतचे डोंगल शोधून ठेवा.

डिस्क आणखी बिघडली, दिसेनाशी होऊ लागली, तर रोबोकॉपी सोडून द्या. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू हे बिघडलेल्या डिस्कची नकल करणारे साधन चालवता येते. ते आधी चांगला भाग उचलते, खराब जागा मागे ठेवते आणि कुठवर आले याची नोंद फाइलीत ठेवते, त्यामुळे वीज गेली तरी पुढून सुरू होते. परंतु त्याला ५०० जीबीपेक्षा मोठी तिसरी डिस्क लागते, म्हणून ती वेळ येण्याआधीच काम उरका.

संगणक दुरुस्ती, वर्धा

दर्यापूरच्या भाऊंचे म्हणणे मला पटले. इंटरनेटची अडचण मी जेवढी धरायला हवी होती तेवढी धरली नाही. माझ्या दुकानात ती नाही म्हणून ती विसरली जाते. बीसीडीबूट आधी करावे, आणि तेही आजच करावे, म्हणजे रोजचे काम एकट्या एसएसडीवर चालेल आणि जुनी डिस्क फक्त नकल करण्याच्या वेळीच जोडता येईल. ज्यांनी अद्याप विंडोज टाकलेले नाही त्यांनी मात्र जुनी डिस्क काढून यूईएफआय पद्धतीनेच सुरुवात करावी, या मतावर मी ठाम आहे. जीपीटीमध्ये विभागणीच्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, एमबीआरमध्ये एकच असते, आणि आपल्याकडच्या विजेत ती दुसरी प्रत कामाला आलेली मी पाहिली आहे.

तारीख मागे जाते, ते तुम्ही वेगळा विषय म्हणून सोडून दिलेत, पण तो याच विषयाचा भाग आहे. मदरबोर्डवर रुपयाएवढी गोल बॅटरी असते, सीआर२०३२ नावाची. ती संपली की वीज गेल्यावर बायोस तारीखही विसरतो आणि तुम्ही ठरवलेला बूटचा क्रमही विसरतो. जुनी डिस्क जोडलेली असताना वीज गेली तर दुसऱ्या दिवशी संगणक पुन्हा तिच्यावरूनच सुरू होईल आणि दुरुस्ती फसली असे तुम्हाला वाटेल. तारीख चुकीची असेल तर सुरक्षित संकेतस्थळेही उघडत नाहीत, म्हणजे विमा आणि सातबारा दोन्ही अडतात. बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते. बदलल्यावर बायोसमध्ये साटा, म्हणजे डिस्कची जोडणी, एएचसीआय या नव्या पद्धतीवरच आहे ना ते पाहा; ते आयडीई या जुन्या पद्धतीवर गेले तर चांगले विंडोजही निळा पडदा दाखवून थांबते.

आणि विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आहेत. लोकांचे आधार आणि बँकेची पासबुके तुम्ही हाताळता, म्हणून वाढीव सुरक्षा-अद्यतनांच्या योजनेत सेटिंगमधून नोंदणी करून घ्या. जाहीर झाल्याप्रमाणे घरगुती संगणकांसाठी तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे.

घाटंजी तालुका, टायपिंगचे दुकान

काय झाले ते सविस्तर कळवतो, कारण पुढे कुणाला तरी उपयोगी पडेल.

बीसीडीबूट दिले, उत्तर बरोबर आले, पण जुनी डिस्क काढल्यावर पुन्हा तोच काळा पडदा. मी एसएसडीचा भाग ॲक्टिव्ह करायचाच विसरलो होतो. जुनी डिस्क परत जोडून ते केले आणि दुसऱ्या वेळी संगणक एकट्या एसएसडीवर सुरू झाला. आधी दोन नावे दिसत, आता तो पडदाच येत नाही, थेट विंडोज उघडते. बूटसेक्टची गरज पडली नाही. एसएसडी खरोखरच ३ गिगाबिटच्या जागेत होती, तीही बदलली.

बॅटरी घाटंजीच्या बाजारात घड्याळे दुरुस्त करणाऱ्याकडे मिळाली. जुनी काढताना ती पकडणारी पितळी पट्टी वाकली होती. ती लाकडी काडीने हळूच वर उचलून मग नवी बसवली. दोनदा वीज गेली तरी आता तारीख जागेवर आहे.

जुन्या डिस्कवरून नकल करण्यासाठी दोन पहाटा लागल्या. पाच वाजता सुरू केले तेव्हा डिस्क ३८ अंशांवर होती आणि साडेसातला ४६ वर आली, तेव्हा थांबवले. त्या फोटोपाशी आल्यावर रोबोकॉपी काही वेळ अडखळली, डिस्क टक्-टक् वाजली, आणि पुढे गेली. ती पुढे गेली तेव्हा माझ्या जिवात जीव आला. पहिल्या पहाटे सगळे अर्ज, प्रतिज्ञापत्रे आणि ठराव आले. दुसऱ्या पहाटे फोटो आणि पत्रिका आल्या. सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर करून ती घरी ठेवली आहे.

ताईंनी फाँटचे सांगितले नसते तर मी नक्कीच घाबरलो असतो. २०१६ चा ग्रामसभेचा ठराव उघडला तर अक्षरशः कचरा दिसत होता. कृतिदेवचा फाँट बसवून वर्ड पुन्हा उघडले आणि पहिल्याच ओळीत गावाचे नाव नीट उमटले.

एक शंका उरली आहे. जुनी डिस्क आता फॉरमॅट करून भंगारात द्यावी का?

उत्तर ३: शिक्षिका, चंद्रपूर जिल्हा

नुसती फॉरमॅट करून देऊ नका. झटपट होणाऱ्या फॉरमॅटमध्ये फाइलींची यादी पुसली जाते, फाइली तिथेच असतात आणि साध्या प्रोग्रामने परत मिळतात. त्या डिस्कवर गावातल्या लोकांच्या आधारकार्डांच्या आणि पासबुकांच्या प्रती आहेत. महिनाभर ती तशीच ठेवा, काही राहून गेले असेल तर तेवढ्यात आठवेल. नंतर ती एकटी दुसऱ्या संगणकाला जोडून डिस्कपार्टमध्ये क्लीन ऑल ही आज्ञा द्या. साध्या क्लीनपेक्षा ही वेगळी आहे, ती प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिते आणि तिला कित्येक तास लागतात. खराब जागांमुळे ती मध्येच थांबली तर डिस्क उघडून आतील चकत्यांना ड्रिलने आरपार भोके पाडा आणि मगच भंगारवाल्याच्या हवाली करा.

घाटंजी तालुका, टायपिंगचे दुकान

तसेच करीन, ताई. डिस्क कागदात गुंडाळून, वर आजची तारीख लिहून कपाटात ठेवली आहे.

लॉगच्या फाइलीत न आलेल्या अकरा फाइलींची नावे निघाली. नऊ पत्रिकांचे फोटो आहेत, ते छापखान्याकडे असतील. उरलेल्या दोन फाइली २०१८ च्या वारस नोंदीच्या अर्जांच्या आहेत. दोन्ही घरे गावातलीच आहेत. त्यांच्याकडे कागदी प्रत असल्यास ती स्कॅन करून ठेवावी म्हणून आज संध्याकाळी त्यांच्याकडे जाणार आहे.